रिपोर्टच्या आधी पेशंट

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "आमचे जुने फॅमिली डॉक्टर नाडी बघायचे, छातीला नळी लावायचे, औषध द्यायचे आणि गुण यायचा. आता साध्या तापाला गेलं तरी आधी हातात तपासण्यांची चिठ्ठी पडते. डॉक्टर बदलले की शास्त्र? आम्ही पेशंटनी काय करावं? आणि मुलीला मेडिकलला जायचंय, पाठवावं का?"

मी एमडी मेडिसिन आहे. सरकारी रुग्णालयात शिकले, आणि नव्वदच्या दशकापासून सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करते. एसटी स्टँडजवळचा छोटा दवाखाना, समोर मेडिकल, शेजारी लॅब, अशा जागेवरून मला जे दिसलं ते सांगते.

शास्त्र बदललं, आणि ते फार चांगल्यासाठी बदललं. त्याच काळात डॉक्टरने पेशंटजवळ बसण्याचा वेळ मात्र आटला. तपासण्या वाढल्या याचा मला राग नाही. त्या वेळेच्या जागी येऊन बसल्या, याचा आहे.

जुन्या काळाबद्दल आधी स्पष्ट बोलते. कंपाउंडरने बाटलीत भरून दिलेलं गुलाबी मिक्श्चर, डोस कळावा म्हणून बाटलीला चिकटवलेली कातरलेली कागदाची पट्टी, घरी व्हिजिटला येणारे डॉक्टर आणि त्यांचा हातगुण, हे सगळं माझ्याही लहानपणी होतं आणि मला प्रिय आहे. पण त्या काळी हार्ट अटॅकच्या पेशंटला गावात देण्यासारखं वेदनाशामक आणि विश्रांती एवढंच होतं. क्षयाचा उपचार वर्ष-दीड वर्ष चाले आणि त्यात महिनोन् महिने स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. आज साध्या क्षयाला सहा महिने गोळ्या पुरतात. जुलाब-उलट्यांनी लेकरं दगावत. 1971 साली बांगलादेश युद्धाच्या वेळी डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ-साखरेचं पाणी तोंडावाटे द्यायला सुरुवात केली. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. तेव्हा पूर्वीचे दिवस परत यावेत असं मला वाटत नाही. त्या डॉक्टरांकडे औषधं थोडी होती, पण ते पेशंटकडे नीट बघायचे. तेवढं मला परत हवं आहे.

बघण्याने काय होतं याचं आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण कोकणात आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर सत्तरच्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावलेली तरुण माणसं, मुलं तिथे येत आणि फुप्फुसांत पाणी साचून जात. बावस्कर रात्रभर त्यांच्या उशाशी बसत. उलटी कधी झाली, घाम कधी सुटला, हातपाय कधी गार पडले, नाडी आणि बीपी कसं बदललं, हे नोंदवत. 1982 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचं जे टिपण आलं ते याच लक्षणांविषयी होतं: पुढे हृदयाला धोका आहे हे आधी कशावरून ओळखायचं. विषाचा परिणाम नेमका कसा होतो हे कळल्यावर त्यांनी प्राझोसिन ही बीपीची साधी, स्वस्त गोळी वापरली, आणि विंचवाने मरणं कोकणात विरळ होत गेलं. त्या केंद्रात ना आयसीयू होता ना इको मशीन. शोध लागला तो खाटेजवळ बसून.

आता तपासण्यांकडे येते. प्रयोगशाळेच्या कागदावर शेजारी छापलेली 'नॉर्मल' मर्यादा ठरते कशी, हे बहुतेकांना कोणी सांगितलेलं नसतं. निरोगी माणसांची तपासणी करून त्यातल्या मधल्या 95 टक्क्यांचे आकडे नॉर्मल धरले जातात. म्हणजे धडधाकट माणसांपैकीही वीसात एकाचा आकडा त्या मर्यादेबाहेर जाणार, हे आधीच ठरलेलं आहे. एका निरोगी माणसाच्या एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर निदान एक तरी रिपोर्ट 'बिघडलेला' येण्याची शक्यता 64 टक्के. आता सत्तर-ऐंशी तपासण्यांचं 'फुल बॉडी चेकअप' पॅकेज मिळतं. त्यात काहीतरी जाड अक्षरात आलं नाही असा माणूस मला क्वचित भेटतो. मग तो घाबरतो, पुढची तपासणी होते, तिच्यातही काहीतरी निघतं. ज्याला काहीच त्रास नव्हता तो महिन्याभरात पेशंट होतो. चाळिशीनंतर बीपी, शुगर, वजन, कोलेस्टेरॉल जरूर बघा, बायकांनी हिमोग्लोबिन आणि गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्या, तंबाखू खाणाऱ्यांनी तोंड दाखवा. यातल्या प्रत्येक तपासणीनंतर पुढे काय करायचं हे माहीत असतं. पॅकेजमधल्या निम्म्या आकड्यांचं काय करायचं, हे तपासायला पाठवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

ग्रामीण भागात 'विडाल पॉझिटिव्ह' हा असाच एक प्रकार आहे. 1896 पासून चालत आलेली ही तपासणी टायफॉइडचे जंतू शोधत नाही, शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधते. ती पहिल्या आठवड्यात बहुधा तयारच झालेली नसतात. उलट पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेला असेल, लस घेतली असेल, कधी दुसराच ताप असेल, तरी ती दिसू शकतात. तापाच्या दुसऱ्याच दिवशी विडाल करून 'टायफॉइड निघालाय' म्हणून सलाईनमधून सात दिवस अँटिबायोटिक घेतलेले लोक माझ्याकडे येतात. टायफॉइडची खरी खात्री अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घेतलेल्या ब्लड कल्चरने, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीने होते. आणि त्याही आधी विचारायचं असतं की ताप कसा चढतो, किती दिवस झाले, थंडी वाजते का, पाणी कुठलं पिता, घरात आणखी कोणाला आहे का.

डेंग्यूबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण दर पावसाळ्यात तीच भीती आणि तीच धावपळ चालते.

घरोघर चिंता असते ती 'पेशी', म्हणजे प्लेटलेट, किती झाल्या याची. सकाळी नव्वद हजार, संध्याकाळी सत्तर, आणि नातेवाईक पपईच्या पानांचा रस, किवी, ड्रॅगन फ्रूट घेऊन हजर. पेशी पन्नास हजारांखाली गेल्या की रक्तपेढीकडे गाडी निघते. खरं सांगायचं तर पेशी कमी होणं हा डेंग्यूचा स्वभावच आहे, आणि बहुतेकांच्या त्या आपोआप चढतात. रक्तस्राव होत नसेल तर दहा हजारांच्या वर आकडा असताना केवळ आकड्यासाठी प्लेटलेट चढवण्याची गरज साधारणपणे नसते.

डेंग्यूत माणूस दगावतो तो मुख्यतः रक्तवाहिन्यांमधून पाणी झिरपल्यामुळे. रक्तातला द्रव पोटात, छातीत साचतो, रक्त घट्ट होतं आणि रक्तदाब कोसळतो. हे घडतं केव्हा, तर ताप उतरल्यावर! तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप जातो, घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि नेमके तेच पुढचे 24 ते 48 तास धोक्याचे असतात. त्या वेळी बघायचं ते हे: पोटात सतत दुखतंय का, उलट्या थांबत नाहीत का, पेशंट ग्लानीत आहे की उगाच अस्वस्थ, लघवी किती वेळापूर्वी झाली, हिरड्यांतून रक्त येतंय का, हातपाय गार आहेत का. बीपी मोजलं की वरचा आणि खालचा आकडा जवळ आले आहेत का ते बघायचं. 100 आणि 82 हे बीपी वरवर ठीक वाटतं, पण दोन आकड्यांतलं अंतर 20 किंवा त्याहून कमी झालं की पेशंट शॉकमध्ये चालला आहे असं समजायचं. सोबत रक्ताचा घट्टपणा दाखवणारा हिमॅटोक्रिट हा आकडा चढत असेल, तर एक मिनिटही घालवायचं नाही.

यातलं बहुतेक सगळं हाताने, डोळ्यांनी आणि बीपीच्या पट्ट्याने कळतं. पेशी एक लाख असलेला पेशंट गार हातपायांनी अत्यवस्थ असतो आणि वीस हजारवाला खाटेवर बसून पोहे खात असतो, हे दोन्ही मी एकाच वॉर्डात पाहिलं आहे. रिपोर्टवर नजर ठेवून बसलेला डॉक्टर चुकीच्या पेशंटकडे आधी धावेल. म्हणून आमच्याकडे पावसाळ्यात सिस्टरना पहिली सूचना असते की हात धरून बघा, गार आहे का सांगा, मग आकडा सांगा. आणि घरी असणाऱ्यांसाठी एवढंच की तापाला फक्त पॅरासिटामॉल, अंग फार दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. पाणी, ताक, पेज, ओआरएस पोटात जात राहू द्या.

पाठदुखीच्या एमआरआयचंही थोडं सांगते. 'मणक्यात गॅप आहे' असं कोणी सांगितलं म्हणून आयुष्यभर वाकून भांडी न उचलणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, पाठ अजिबात दुखत नसलेल्या लोकांचे एमआरआय आणि सीटी एकत्र बघितले गेले. पन्नाशीच्या लोकांमध्ये 80 टक्क्यांच्या मणक्यांच्या चकत्यांची झीज दिसली आणि 60 टक्क्यांच्या चकत्या फुगलेल्या होत्या. तरीही त्यांना दुखत काही नव्हतं. केस पांढरे होतात तशी ही झीज होते. लघवी-संडासवरचा ताबा जाणं, पायातली ताकद कमी होणं, सोबत ताप, वजन घटणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, यांपैकी काही असेल तर एमआरआय तातडीने हवा. नसेल तर बहुतेक पाठी चालतं-फिरतं राहिल्याने आणि व्यायामाने काही आठवड्यांत सुधारतात.

मग निदान होतं कशाने? 1975 साली ब्रिटनमध्ये हॅम्प्टन आणि सहकाऱ्यांनी 80 नवे पेशंट घेऊन याचा अभ्यास केला. त्यांपैकी 66 जणांचं निदान नुसत्या बोलण्यावरून झालं होतं. शरीर तपासून 7 जणांचं बदललं आणि प्रयोगशाळेमुळे आणखी 7 जणांचं. तेव्हापासून यंत्रं कितीतरी सुधारली. पण कोणत्या पेशंटला कोणतं यंत्र लावायचं, हे अजूनही बोलण्यातूनच ठरतं.

माझ्या तरुण सहकाऱ्यांचं यावर म्हणणं असतं, "मॅडम, पेशंटला बोलू दिलं तर ओपीडी संपणारच नाही." स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या रुग्णालयात हे मोजलेलं आहे. डॉक्टरांना सांगितलं होतं की पेशंट स्वतःहून थांबेपर्यंत मध्ये बोलू नका. पेशंट सरासरी 92 सेकंद बोलले, आणि चारांतल्या तिघांहून अधिक जण दोन मिनिटांच्या आत थांबले. 2002 साली हे प्रसिद्ध झालं. आपल्याकडच्या आजीबाई सुनेपासून सुरुवात करतात, शेतातल्या बोअरपर्यंत जातात आणि मग छातीवर येतात, हे मान्य. पण त्या सुनेच्या गोष्टीत बऱ्याचदा झोप न लागण्याचं कारण असतं, आणि बोअरच्या गोष्टीत औषध बंद केल्याचं.

एक पेशंट सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. साठीचे शेतकरी, बरीच वर्षं मधुमेह, इन्सुलिन चालू. शुगर कधी साडेतीनशे, कधी एकदम साठ. दोन-तीन ठिकाणी इन्सुलिन वाढवत नेलं होतं, महागडे नवे प्रकारही देऊन झाले होते, फाईल जाडजूड. मी त्यांना झोपवून सदरा वर करायला सांगितला आणि पोटावरून हात फिरवला. बेंबीच्या उजव्या बाजूला लिंबाएवढी मऊ गाठ. तिथे टोचलं की दुखत नाही म्हणून ते रोज तिथेच टोचत होते. अशा गाठीतून इन्सुलिन कधी रक्तात जातं, कधी जात नाही. जागा बदलायला सांगितली, डोस आधी कमी केला (नव्या जागी तोच डोस घेतला असता तर शुगर धोकादायक उतरली असती), सुई रोज बदलायला लावली. काही आठवड्यांत आकडे ताळ्यावर आले. त्या जाड फाईलमधल्या एकाही कागदावर ती गाठ नव्हती, कारण पोटाला कोणी हात लावला नव्हता.

बाई डॉक्टर असल्याचा एक फायदाही इथे सांगायला हवा. 'सारखा थकवा येतो' म्हणून आलेल्या बाईला पाळी किती दिवस जाते, किती कपडे बदलावे लागतात, घरात शेवटी कोण जेवतं, हे विचारलं की निम्म्या वेळा पुढचं काही शोधावं लागत नाही. हिमोग्लोबिन सात असतं. थायरॉइड आणि बी-बारा आधीच करून झालेलं असतं, पाळीबद्दल मात्र कोणी विचारलेलं नसतं. नवरा खोलीत असताना ती ते सांगतही नाही. दोन मिनिटं त्याला बाहेर थांबायला सांगणं हासुद्धा तपासणीचाच भाग आहे.

मग डॉक्टर हे करत का नाहीत? सगळे लोभी झाले, असं उत्तर सोपं आहे आणि अपुरं आहे. पैसा कशाचा मिळतो ते पाहा. अर्धा तास बसून एखाद्याची दारू सोडवण्याबद्दल बोलले, तर फी तीच राहते जी तीन मिनिटांची असते. सलाईन लावलं, सोनोग्राफी केली, भरती केलं तर बिल होतं. आरोग्य विम्याच्या बहुतेक पॉलिसी किमान 24 तास भरती झाल्याशिवाय पैसे देत नाहीत. म्हणून जो पेशंट ओपीडीत बरा झाला असता तोच म्हणतो, "मॅडम, ॲडमिट करून घ्या, मेडिक्लेम आहे." विचार करण्याला, समजावून सांगण्याला, 'तुम्हाला काही झालेलं नाही, घरी जा' म्हणण्याला या व्यवस्थेत दरच नाही.

दुसरं कारण भीतीचं. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या सेवेला ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणलं. मला तो निर्णय योग्य वाटतो, पेशंटला दाद मागायला जागा हवीच. पण त्यामुळे 'नंतर कोणी विचारलं तर कागद असावा' म्हणून तपासण्या लिहिणं वाढलं हेही खरं आहे. त्यात मारहाणीची भर. महाराष्ट्रात 2010 पासून डॉक्टर आणि रुग्णालयांवरच्या हल्ल्यांविरुद्ध वेगळा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तरीही रात्री अडीच वाजता अत्यवस्थ पेशंट आणि त्याच्यासोबत पंचवीस माणसं आली की लहान गावातला डॉक्टर आधी स्वतःच्या काचांकडे बघतो आणि 'पुढे घेऊन जा' म्हणतो. त्या पुढच्या साठ किलोमीटरमध्ये पेशंटचा जीव जाऊ शकतो.

आणि लोभ तर आहेच. त्याला 'कट' म्हणतात आणि तो आमच्या धंद्याला लागलेली कीड आहे. पेशंट पाठवल्याबद्दल, एमआरआय लिहिल्याबद्दल पाकीट येतं, आणि ते पैसे शेवटी पेशंटच्याच बिलात बसतात. वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांत हे स्पष्ट निषिद्ध आहे. 2013 साली बावस्करांनीच, एका पेशंटला तपासणीसाठी पाठवल्याबद्दल आलेला 1200 रुपयांचा चेक घेऊन परिषदेकडे तक्रार केली, तेव्हा राज्यभर चर्चा झाली. 2017 मध्ये महाराष्ट्रात कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदाही तयार झाला, पण कायदा झाला नाही. कट न घेणारे डॉक्टर आहेत, पुष्कळ आहेत. तालुक्याच्या गावात ते कोण आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं. विचारून बघा.

स्टेंटबद्दलही, म्हणजे हृदयाची धमनी उघडी ठेवायला बसवतात त्या जाळीबद्दल, विचारणा नेहमी होते. हार्ट अटॅक चालू असताना तातडीने केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते, तिथे सेकंड ओपिनियनच्या नादात तास घालवू नका. पण चालताना ठरावीक अंतरावर छातीत दुखतं आणि थांबलं की थांबतं, असा स्थिर त्रास असेल तर गोष्ट वेगळी. 2019 साली जाहीर झालेल्या 'इस्केमिया' या अभ्यासात 37 देशांतले पाच हजारांवर असे रुग्ण होते. सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास केलेल्यांमध्ये आणि आधी नीट औषधं दिलेल्यांमध्ये मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला नाही. छातीचं दुखणं मात्र स्टेंटने जास्त कमी झालं. (मुख्य डाव्या धमनीत मोठा अडथळा असलेले रुग्ण या अभ्यासात नव्हते.) तेव्हा अशा वेळी आठवडाभर विचार करायला हरकत नसते, आणि 'आत्ता सही करा, नाहीतर गॅरंटी नाही' म्हणणाऱ्याला तसा विचारही करावा.

आम्हा डॉक्टरांवर एवढं बोलल्यावर पेशंटबद्दलही बोलते. सलाईनची मागणी आम्ही निर्माण केली असेल, पण आता ती तुमच्याकडून येते. पाच टक्के ग्लुकोजच्या 500 मिलीच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते. पाच चमचे. एका ज्वारीच्या भाकरीत त्याहून जास्त ताकद आहे. ज्याला तोंडाने खाता-पिता येतं त्याला 'ताकदीची बाटली' लावून काहीही मिळत नाही, झालाच तर शिरेला संसर्ग होतो. सर्दी-पडशाला अँटिबायोटिक मागू नका, ते विषाणूंवर चालत नाही. बीपीची गोळी 'बीपी नॉर्मल आलं' म्हणून बंद करू नका, ते नॉर्मल गोळीमुळेच आहे. छातीत कळ आली की ॲसिडिटी म्हणून रात्रभर अंगावर काढू नका.

डॉक्टरकडे जाताना काय करावं? चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत टाकून आणा, आयुर्वेदिक, जडीबुटी आणि शेजाऱ्याने दिलेल्यासकट. सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते ते आधी सांगा. दारात उभं राहून 'जाता जाता विचारते' म्हणून जे विचारलं जातं, बऱ्याचदा तेच खरं दुखणं असतं. तपासणी लिहिली तर शांतपणे विचारा, "याच्या रिपोर्टवरून उपचार बदलणार आहे का? थोडं थांबून बघता येईल का?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. भरती झालेल्या पेशंटला आपल्या उपचारांची कागदपत्रं मागता येतात आणि मागितल्यापासून 72 तासांत ती द्यावी लागतात. 2021 सालच्या राज्याच्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावायला हवी. ती वाचा. आणि एक डॉक्टर धरून ठेवा, ज्याला तुमचं घर माहीत आहे. दर दुखण्याला नवा स्पेशालिस्ट गाठला की सहा जणांच्या अठरा गोळ्या होतात आणि त्या एकत्र बघणारं कोणीच उरत नाही.

शेवटच्या दिवसांबद्दल प्रश्नात विचारलेलं नाही, पण मला ते टाळता येत नाही. पंच्याऐंशी वर्षांचे आजोबा, पसरलेला कॅन्सर, महिनाभर जेवण नाही. श्वास लागतो, घरचे घाबरतात, गाडी काढतात, आणि मग नळ्या, व्हेंटिलेटर, काचेपलीकडे पेशंट. पुण्याचा मुलगा फोनवर म्हणतो, काहीही कमी पडू देऊ नका. अमेरिकेतली मुलगी म्हणते, मी येईपर्यंत थांबवा. यात कोणाचाही दोष नाही, हे प्रेम आहे. पण आजोबांना काय हवं होतं हे कोणी विचारलेलं नसतं. ते बोलणं सहा महिने आधी, घरात, चहा घेताना व्हायला हवं होतं. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की अशा स्थितीत कृत्रिम उपचार लावू नयेत असं माणूस आधी लिहून ठेवू शकतो. 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली, आता लिव्हिंग विल नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतं. माझ्याकडचे काही पेशंट ते करून ठेवतात, आणि त्यांच्या मुलांवरचं केवढं ओझं उतरतं ते मी पाहते.

उपचार थांबवणं म्हणजे पेशंटला सोडून देणं नव्हे. वेदना थांबवायची, तोंड ओलं ठेवायचं, कूस बदलायची, हे सगळं चालूच राहतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग हल्ल्यात जबर जखमी होऊन 1973 पासून 2015 पर्यंत तिथेच अंथरुणाला होत्या. तिथल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं, भरवलं, अंगावर जखमा होऊ दिल्या नाहीत. त्यांच्या निमित्ताने 2011 साली न्यायालयात दयामरणाचा जो वाद झाला त्यात कोणाची बाजू कुठली यात मी शिरत नाही. पण वैद्यकीय सेवेचा मोठा भाग डॉक्टर करतच नाहीत, सिस्टर, मामा, मावशी करतात, आणि त्यांना आपण ना पुरेसा पगार देतो ना मान. आपल्या गावातल्या दवाखान्यात रात्रपाळीला प्रशिक्षित सिस्टर आहे का, हे डॉक्टरच्या डिग्रीइतकंच बघून घ्या.

आता मुलीचं. पाठवा, तिला स्वतःला जायचं असेल तर. नीटचे मार्क चांगले आहेत म्हणून पाठवू नका. साडेचार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप, सरकारी कॉलेज असेल तर वर्षभर सरकारी सेवेचा बाँड, मग पीजीची परीक्षा आणि आणखी तीन वर्षं. तिच्या मैत्रिणी नोकरी करून फ्लॅट घेतील तेव्हा ही छत्तीस तासांच्या ड्यूटीवर असेल. खासगी कॉलेजची फी कर्ज काढून भरायची वेळ येत असेल तर शांतपणे हिशोब मांडा, कारण त्या कर्जाचे हप्ते पुढे तिच्या प्रिस्क्रिप्शनवर दबाव आणतात. 2019 पासूनच्या अभ्यासक्रमात पेशंटशी बोलणं, नीतिमत्ता हे विषय रीतसर शिकवतात, आमच्या वेळी ते नव्हतं. मला त्याचा आनंद आहे.

आणि तिला एक सांगा. इंटर्नशिपचं वर्ष पीजीच्या एमसीक्यू सोडवण्यात बहुतेकांचं जातं. तिने त्यातले निदान प्राथमिक आरोग्य केंद्राचे महिने तरी पूर्ण वेळ करावेत. आशाताईंबरोबर वस्त्यांवर जावं, लहान बाळाचा श्वास मिनिटभर घड्याळ लावून मोजायला शिकावं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा साठ किंवा त्याहून जास्त, वर्षाच्या आतल्याचा पन्नास, पाच वर्षांपर्यंत चाळीस भरला की न्यूमोनियाची शंका घ्यायची. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना न्यूमोनिया ओळखायला आणि घरी जाऊन नवजात बाळं सांभाळायला शिकवलं, आणि नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक खाली आणले. 1999 साली ते 'लॅन्सेट'मध्ये आलं आणि पुढे देशभर आशांच्या कामाचा भाग झालं. हे सगळं तिला एमडीच्या तीन वर्षांत कोणी शिकवणार नाही. ती आमच्या भागात इंटर्नशिपला आली तर माझ्या ओपीडीत येऊन बसायला तिला मोकळीक आहे, सकाळी नऊपासून.